घरी बनवलेला भाजी वाळवायचा डबा, आठ महिने वापरून

गेल्या मे महिन्यात गच्चीवर पसरलेली मिरची वळवानं भिजवली आणि तिसऱ्या दिवशी तिला बुरशी, तेव्हाच ठरवलं की आता उन्हाच्या भरवशावर राहायचं नाही. आई म्हणत होती एवढं ऊन पडलंय आणि तू लाईट कसली जाळत बसतोस. तरी बनवला.

१२ एमएमचं प्लाय, दोन फूट उंचीचं खोकं, आतनं पत्रा (उद्यमनगरातनं वाकवून आणला), तळाला १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब, वर पाच जाळ्या आणि एक साधा थर्मोस्टॅट (ठरलेल्या गरमीला बल्ब बंद-चालू करणारा). अर्थिंग न विसरता.

पहिला महिना पार वाया गेला. गरमी आतच राहावी म्हणून मी भोकं बारीक ठेवली, पंखा बसवलाच नाही, मग काय, टोमॅटो वाळायच्या ऐवजी उकडले, दाराला आतनं थेंब, वरची साल कडक आणि आत गिच्च ओलं, बरणीत आठवड्याभरात बुरशी. खरं काम हवेचं असतंय. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा खाली बसवला, वर हवा जायला मोठी फट पाडली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. आपल्याकडं जुलैत काय वाळणार असं वाटायचं, पण २५ डिग्रीची ९० टक्के दमट हवा ५५ पर्यंत तापवली की तिची आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे बाहेर धो धो पाऊस आणि आत मे महिना! फक्त ती हवा ओल घेऊन बाहेर गेली पाहिजे.

दुसरी चूक जाळीची. दुकानदारानं चालतंय म्हणून गॅल्व्हनाईजची (जस्ताचा मुलामा असलेली) दिली, टोमॅटोच्या आंबटपणानं जस्त सुटायला लागलं, खालनं डाग. सगळं फेकलं, स्टीलची घेतली.

भाज्यांना ५५-६० डिग्री, पालेभाजीला ४०-४५ च्या वर जाऊ नका. मेथी आणि कढीपत्ता पहिल्यांदा पिवळट पडला, तो बल्बच्या उजेडानं, बल्बवर पत्र्याची आडवी पट्टी लावल्यावर हिरवा राहिला. मिरची अख्खी टाकली तर दोन दिवस लावते, चिरून टाका. एक किलो टोमॅटोचे साठ-सत्तर ग्रॅम उरतात, बघून जीव जळतो, पण आमटीत चार चकत्या टाकल्या की लई भारी लागतंय. कांदा मात्र घरात वाळवू नका, तीन दिवस अंथरुणालासुद्धा वास होता.

लाईट दहा तासाला जास्तीत जास्त दोन युनिट, थर्मोस्टॅट मधनं बल्ब बंद करतो म्हणून त्याहून कमीच. वाळलेलं गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका, आणि पहिला आठवडा रोज हलवून बघा, काचेला ओल दिसली की परत डब्यात.

अजून एक दुखणं राहिलंय, खालची जाळी आधी वाळते आणि वरची मागं राहते, त्यामुळं दर तीन तासांनी उठून जाळ्या खाली-वर कराव्या लागतात. रात्री लावला तर ती ड्युटी आईच करते, बडबडत.