खोक्यावरचं ५.१ आणि कानावरचं ५.१: गेमिंगसाठी घेतलेल्या स्पीकरचा आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीत स्पीकर घेतले, आता आषाढ लागलाय. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खोल दणक्याचा मोठा डबा), प्रत्येकाला आपापला आवाज. पण खोक्यावर ५.१ छापलंय म्हणून कानाला ५.१ ऐकू येत नाही, हे शिकायला मला साडेचार हजार रुपये लागले.

पहिला सेट सांगलीतल्याच एका दुकानातून उचलला. दुकानात गाणं लावलं, पाचही स्पीकर वाजले, लाइटी नाचल्या, मी खूश. घरी आणून गेम लावला तर मागून कुणी गोळी झाडली तरी आवाज पुढून आणि मागून सारखाच. सेट उलटा करून बघितला. कॉम्प्युटरसाठी एकच ऑक्स, म्हणजे हेडफोनसारख्या एकाच पिनेची जागा! त्यातून डावं आणि उजवं असे दोनच चॅनेल, म्हणजे आवाजाचे दोनच वेगळे प्रवाह येतात, आणि आतलं सर्किट तेच दोन मागच्या स्पीकरनाही वाटून देतं. ब्लूटूथवरही दोनच चॅनेल, शिवाय आवाज उशिरा. मी मेलेला असायचो आणि मग गोळी ऐकू यायची. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "पाच स्पीकर हायत का न्हाईत, मोजून घ्या." मोजले. पाच होते. तो सेट आता गल्लीतल्या मंडळात आरतीला वाजतो, आणि तिथं झकास वाजतो.

दुसरा मिरजेतून वापरलेला घेतला, सात हजारात. लॉजिटेकचा झेड९०६ डोळ्यासमोर होता, ५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी खरी ताकद) वगैरे, पण खिशाने नाही म्हटलं. या वेळी वॅटचा आकडा नंतर वाचला, आधी सेटची पाठ बघितली. सहा चॅनेलची इनपुट वेगवेगळी आहेत का, एवढंच. (पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा, तर वाचूच नका, आरएमएस विचारा.)

जोडणी अशी: हिरवी पिन पुढच्या दोन स्पीकरची, काळी मागच्या दोघांची, केशरी मधला स्पीकर आणि सबवूफरची. माझ्या मदरबोर्डला मागे तीनच भोकं आहेत, हिरवं, निळं, गुलाबी. ५.१ निवडल्यावर निळं मागच्या स्पीकरचं होतं आणि गुलाबी, जे एरवी माइकचं, ते मधला-सबवूफरचं. म्हणजे माइक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावावा लागतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन ५.१ निवडायचं आणि एकेका स्पीकरवर क्लिक करून टेस्ट घ्यायची. ही टेस्ट चुकवू नका. माझ्याकडे मधला आणि सबवूफर उलटे जोडले गेले होते. आठवडाभर गेममधली सगळी माणसं टेबलाखालून, घसा बसल्यासारखी बोलत होती.

'ऑप्टिकल वायर लाव, क्वालिटी मिळेल' हा सल्ला सगळे देतात. ही वायर आवाज प्रकाशातून डिजिटल नेते. सिनेमासाठी ठीक. पण ऑप्टिकलमधून साधा आवाज दोनच चॅनेलचा जातो, ५.१ पाठवायचा तर तो डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतीनं दाबून पाठवावा लागतो. सिनेमात तो आधीच तसा भरलेला असतो. गेमचा आवाज जागच्या जागी तयार होतो, म्हणून साउंड कार्डात तो तिथल्या तिथं दाबणारं डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असावं लागतं. ते नसेल तर त्या तीन साध्या पिनाच बऱ्या.

आता खोली. दहा बाय अकरा, खाली फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. पुढचे दोन समोरच्या रेषेपासून ३०-३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, सगळे साधारण कानाच्या उंचीला, असं मांडायचं असतं. म्हणजे 'मागचे' खरं तर बाजूला, जरासेच मागे. मी आधी ते पार मागच्या भिंतीवर, पंख्याच्या उंचीला ठोकले होते. खाली आणल्यावर फरक लगेच कळला. एक मात्र दाराशी येतो, त्यामुळे आई चहा घेऊन आली की उजवी बाजू गायब.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला होता. मिरजेचा एक मित्र आला, त्याच्या घरी तंबोरे बनतात. दोन मिनिटं ऐकलं, भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "भावा, स्पीकर नाही, खोली वाजायलीय." त्यानं सबवूफर माझ्या खुर्चीवर ठेवला, एक धून लावली आणि मला फरशीवर रांगायला लावलं. जिथं घुम कमी आणि ठोका साफ, तिथं सबवूफर ठेवायचा. ती जागा टेबलाच्या डाव्या पायाशी निघाली. मागच्या भिंतीला आईची जुनी गोधडी टांगली. स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं त्या दिवसापासून वाजायची थांबली.

घरघर हा वेगळाच ताप. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर. कॉम्प्युटर एका प्लगवर, स्पीकर दुसऱ्यावर, जुन्या घराचं अर्थिंग यथातथाच. वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं, दोन्ही एकाच बोर्डावर आणले, किरकिर गेली.

खेळताना काय? गाड्यांच्या गेमला आणि मोकळ्या जगात भटकायच्या गेमला तोड नाही. पाऊस सगळीकडून पडतो, मागची गाडी मागेच असते. पण व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमना मी अजून हेडफोनच लावतो. पावलं जिन्यात वर आहेत की खाली, हे एकाच उंचीवरचे पाच स्पीकर सांगू शकत नाहीत. तिथला एचआरटीएफ (दोनच कानांत सगळ्या दिशा भासवणारी सोय) हेडफोनसाठीच आहे, स्पीकरवर तो बंद ठेवा. आणि रात्री दहानंतर तसेही हेडफोनच. वरच्या काकू सबवूफरला ओळखतात.

आम्ही गावभागात, तळमजल्यावर. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आधी धान्य माळ्यावर जातं, मग सबवूफर. तो अकरा किलोचा आहे, हे घेताना ध्यानात नव्हतं.

गेल्या आठवड्यात स्पीकरवर खेळताना दोन दिवस सारखा हरत होतो. कुणीही उजव्या मागच्या बाजूनं येऊन टिपून जायचं. वाटलं, हात बिघडलाय आपला. तिसऱ्या दिवशी झाडताना आईला पलंगाखाली वायरचा तुकडा सापडला. उंदरानं उजव्या मागच्या स्पीकरची वायर कुरतडली होती.