गुहागरजवळचं घर ऑनलाइन विकलं: सात महिन्यांचा अनुभव

दसऱ्यानंतर जाहिरात टाकली आणि मे संपता संपता खरेदीखत झालं. माझ्या माहेरचं कौलारू घर आणि मागची चौदा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी, दोन्ही एका ऑनलाइन एजंट कंपनीमार्फत विकली. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे अडलं त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीकडे अडेल असं मला वाटतं.

आई गेल्यावर घर चार पावसाळे बंद होतं. भाऊ पुण्यात, मी चिपळूणला. दर वर्षी शाकारणीला, म्हणजे छपराची कौलं परतायला माणूस शोधायचा, वाशांना वाळवी लागली का बघायचं, वाडीतले नारळ पाडून घ्यायचे. शेवटच्या पावसात माजघराची एक भिंत ओल धरून फुगली, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की घर पडायच्या आधी ते कुणाच्या तरी हातात जायला हवं.

गावाकडचे एजंट दोन टक्के मागत होते. या कंपनीचा हिशोब वेगळा होता: चोवीस हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, तेही आधीच, मग विक्री होवो वा न होवो. त्यात फोटो, ड्रोनचं चित्रीकरण, जाहिरात आणि फोन घेणारा एक प्रतिनिधी एवढं मिळतं.

फोटोंसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. मुलगा चिपळूणहून सकाळी आला, ऊन ओटीवर येईपर्यंत थांबला. जांभ्याच्या भिंती, माजघरातला झोपाळा, विहिरीचा रहाट, पोफळींच्या मधून जाणारं पाटाचं पाणी, सगळं त्याने नीट घेतलं. अडचण फॉर्मपासून सुरू झाली. बीएचके किती, कार्पेट एरिया किती, कितवा मजला, असे त्यातले रकाने. ओटी, पडवी, कोठीची खोली हे कुठे बसवायचं? मी कसंबसं भरलं आणि जाहिरात लागली ती 'फोर बीएचके बीच व्हिला, रिसॉर्टसाठी उत्तम' अशी. मला न विचारता.

ही ओळ मी त्याच दिवशी काढायला लावली, कारण ती खोटी होती. आमचं घर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत आहे. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या किनारी गावांत सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या, 2019 च्या अधिसूचनेनुसारही त्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, आहे त्याच जोत्यावर पुन्हा उभं करता येतं. रिसॉर्टचं स्वप्न घेऊन कुणी पैसे दिले असते तर उद्या तो आमच्याच दारात आला असता. प्रतिनिधी म्हणाला, "मॅम, अशा शब्दांनी लीड वाढतात." लीड म्हणजे चौकशीचे फोन. मला लीड नको होते, घेणारा माणूस हवा होता.

लीड मात्र भरपूर आले. पहिल्या दोन महिन्यांत साठ-पासष्ट फोन, बहुतेक मुंबई-पुण्याचे. त्यातले जवळजवळ सगळे एकाच प्रश्नाशी संपले: तुम्ही शेतकरी आहात का? वाडी सातबाऱ्यावर बागायत म्हणून लागलेली, आणि महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्याकडे हे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. कंपनीच्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ज्यांच्याशी व्यवहार होऊच शकत नव्हता अशी माणसं गाडी काढून कुंभार्ली घाट उतरून यायची. एक निवृत्त जोडपं तर आईच्या झोपाळ्यावर बसून रडवेलं झालं. त्यांना घर मनापासून आवडलं होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. शेवटी जाहिरातीची पहिलीच ओळ मी बदलून घेतली: 'शेतकरी असल्याचा पुरावा असेल तरच फोन करा.' फोन आठवड्याला दोन-तीनवर आले, पण ते कामाचे होते.

आणि ती लाल रेघ. ड्रोनच्या फोटोवर कंपनीने आमची हद्द म्हणून लाल रेघ मारली होती. ती कुठून आणली, देव जाणे. डिसेंबरातल्या एका रविवारी मी ओटी झाडत होते. शेजारचे दादा गडग्यावरून थेट आत आले, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, ही रेघ आमच्या वाडीतून कशी गेली?" व्हॉट्सअॅपवर कुणीतरी त्यांना जाहिरात पाठवली होती. त्यांचे तीन कलमी आंबे आणि पायरीची विहीर आमच्या रेघेच्या आत. चाळीस वर्षांत दोन घरांत हद्दीवरून एक शब्द झाला नव्हता. मी त्यांच्यासमोरच प्रतिनिधीला फोन लावला आणि फोटो उतरवायला सांगितलं. उतरवायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस दादांच्या घरच्या वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग मी तेव्हा केलं जे जाहिरातीच्या आधी करायला हवं होतं. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाकला आणि दादांना उभं करूनच मोजणी करून घेतली. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. तो, आठ-अ म्हणजे खातेउतारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा एका फाइलीत लावला. सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही आत्यांची नावं आहेत हे भावाला तेव्हाच कळलं. थोरली रत्नागिरीला, धाकटी कोल्हापूरला. दोघींना घरी जाऊन भेटलो, हिस्सा ठरवला, मगच पुढे बोललो. यातलं एकही काम कंपनी करत नाही, करेल असं त्यांनी म्हटलंही नव्हतं. पण जाहिरात लावण्याआधी "सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?" एवढं विचारायला काहीच हरकत नव्हती.

घेणारा त्यांच्याच जाहिरातीतून मिळाला. तासगावचे द्राक्ष बागायतदार, गावातला कुठलाही एजंट त्यांच्यापर्यंत पोहोचला नसता. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "विहिरीला वैशाखात पाणी किती असतं?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, वैशाखातच येऊन बघा. ते खरंच मेच्या पहिल्या आठवड्यात आले, घरात न शिरता आधी विहिरीवर गेले, दोराला दगड बांधून सोडला आणि ओला झालेला दोर हातांनी मोजला. साडेसहा हात पाणी. मग पंप दोन तास चालवून पुन्हा मोजलं. त्यानंतर ओटीवर बसून सातबारा वाचला, तोही इतर हक्काच्या रकान्यापासून, जिथे जमिनीवरचे बोजे आणि दुसऱ्यांचे हक्क लागलेले असतात. भावाची घासाघीस त्यांनी दहा मिनिटांत आटोपली.

कंपनीने पाठवलेला खरेदीखताचा मसुदा फ्लॅटचा होता, सोसायटीच्या ना हरकत दाखल्यासकट. तो बाजूला ठेवून तालुक्याच्या वकिलांकडून नवा करून घेतला. त्यात पाणंदीची वहिवाट, विहीर आणि झाडं नावानिशी आली. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर जात नाही. ती आणि मुद्रांक शुल्क घेणाऱ्यांनी भरलं. घर जुनं असल्याने नफ्यावरच्या करासाठी त्याची 1 एप्रिल 2001 ची किंमत काढून घ्यावी लागली. तो हिशोब सीएकडूनच करून घ्या, कंपनीच्या मदतकक्षाला त्यातलं काही सांगता आलं नाही.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात थोरल्या आत्याचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर सुपाऱ्या सोलून बोटांच्या रेषा पुसल्यात. चार वेळा प्रयत्न झाला, हात धुऊन झाला, भावाने रुमालाने तिची बोटं कोरडी केली. पाचव्या वेळी उमटला. ती काहीच बोलली नाही, फक्त अंगठ्याकडे बघत राहिली. ती त्याच घरात जन्मली होती.

जाहिरात अजून उतरवलेली नाही. तीन मेल टाकले, दर वेळी 'विनंती नोंदवली आहे' असं उत्तर येतं. कालही सांगलीहून एकांनी फोन करून झोपाळा घरासोबत मिळेल का विचारलं. झोपाळा आता माझ्याकडे चिपळूणला आहे.