यूएसडीटी बंद होणार असा मेसेज आला आणि माझं वॉलेट रिकामं झालं

युरोपात राहून स्टेबलकॉइनचं (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या डिजिटल नाण्याचं) कार्ड वापरत असाल तर हे पूर्ण वाचा. माझे ७,२६० यूएसडीटी गेले (एक यूएसडीटी म्हणजे साधारण एक डॉलर), वर कार्डावर ठेवलेले ४१८ युरो ९० सेंट गेले. त्यातलं काहीही परत आलेलं नाही.

"क्रिप्टोच्या नादी लागायचंच कशाला?" हे घरच्यांनी ऐकवून झालंय, पुण्याहून काकांनी फोनवर ऐकवून झालंय. मी कसल्याही नादी लागले नव्हते. जर्मनीत मी फ्रीलान्स डिझाइनचं काम करते आणि दुबईचा एक क्लायंट माझ्या बिलाचे पैसे यूएसडीटीत देतो. ही माझी कमाई होती. आली त्या दिवसाच्या युरो भावानं ती माझ्या उत्पन्नात धरलेली आहे. कार्ड घेतलं ते एवढ्याचसाठी की कॉइन माझ्याच वॉलेटमध्ये, म्हणजे माझ्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात राहतात, दुकानात कार्ड टेकवलं की लागतील तेवढेच विकले जातात आणि दुकानदाराला युरो मिळतात. वर्गणीच्या बिलांसाठी थोडे युरो वेगळे भरून ठेवले होते, इतकंच.

आता हे का फसलं ते बघा, कारण चोरांनी खरी बातमीच वापरली. युरोपीय संघाचा 'मिका' कायदा स्टेबलकॉइनला ३० जून २०२४ पासून लागू झाला. यूएसडीटी काढणाऱ्या कंपनीनं त्याखालचा परवाना घेतला नाही, म्हणून क्रिप्टोचे बाजार चालवणाऱ्या मोठ्या एक्सचेंजनी मार्च २०२५ अखेरपर्यंत युरोपातल्या ग्राहकांसाठी यूएसडीटीची खरेदी-विक्री बंद केली. यूएसडीसी हा तसाच दुसरा डॉलरचा कॉइन; तो काढणाऱ्यांनी फ्रान्समधून परवाना घेतला होता, त्यामुळे ते चालू राहिलं. माझ्या कार्ड कंपनीच्या अ‍ॅपमध्येही यूएसडीटी बंद होणार अशी सूचना येऊन गेली होती. ती खरी होती. त्यानंतर आलेला एसएमएस खोटा होता: "३१ मार्चपूर्वी तुमचा यूएसडीटी बॅलन्स यूएसडीसीत हलवा, नाहीतर कार्ड गोठवलं जाईल." आणि ३१ मार्च म्हटलं की आपल्या माणसांच्या अंगात घाई शिरतेच.

तो एसएमएस कुठे आला? कंपनीचे कोड ज्या धाग्यात येतात त्याच धाग्यात, त्यांच्याच नावाखाली. पाठवणाऱ्याचं नाव बनावट टाकता येतं आणि फोन तो मेसेज निमूटपणे जुन्या धाग्यात नेऊन लावतो. हे मला नंतर कळलं. कोणत्याही कार्ड कंपनीच्या एसएमएसमधली लिंक उघडू नका, अ‍ॅप हातानं उघडा.

मी मात्र ती लिंक उघडली. पानाचे रंग, लोगो, जर्मन मजकूर, सगळं तंतोतंत होतं. मी वॉलेट जोडलं. डिजिटल सही मागणारी खिडकी उघडली आणि तीच ती जागा, जिच्यामुळे मला अजून झोप लागत नाही. कार्ड सुरू करताना खऱ्या अ‍ॅपनंसुद्धा अशीच सही मागितली होती, कारण कार्डाला वॉलेटमधले कॉइन उचलायची परवानगी द्यावीच लागते. पण तेव्हा मर्यादा मी स्वतः ५०० टाकली होती आणि समोर कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टचं (कॉइन उचलणाऱ्या प्रोग्रामचं) नाव दिसत होतं. या वेळी नाव नव्हतं, नुसता शून्य-एक्सनं सुरू होणारा पत्ता होता. आणि रकमेच्या जागी ११५७९२०८९ नं सुरू होणारा, पडद्यावर न मावणारा आकडा. तो आकडा म्हणजे अमर्याद परवानगी. तो माझ्या डोळ्यांसमोर होता! मी त्याला व्यवहाराचा क्रमांक समजले. वॉलेट बनवणाऱ्यांनो, तिथे लाल अक्षरात 'हा तुमचं सगळं उचलू शकेल' असं लिहायला काय जातं? रोज वापरणाऱ्या माणसानं आकडे-अक्षरांच्या भेळेतले पत्ते वाचत बसायचं का?

त्याच पानानं "नवीन कार्ड जोडण्यासाठी" कार्डाचा नंबर आणि एसएमएसवर आलेला कोड मागितला. त्या कोडनं चोरांनी माझं कार्ड स्वतःच्या फोनवर चढवलं आणि ४१८ युरो ९० सेंट दुकानांत उडवले. कोडच्या एसएमएसमध्ये तो कशासाठी आहे याचा एक शब्दही नव्हता.

कॉइन तर काही मिनिटांतच गेले. इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनच्या सार्वजनिक वहीतले व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, सगळं दिसतं: ७,२६० यूएसडीटी एका पत्त्यावर, तिथून लगेच बदलून डाय, म्हणजे आणखी एक स्टेबलकॉइन. हे मुद्दाम करतात. यूएसडीटी काढणारी कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, डाय असं कुणाला गोठवता येत नाही. म्हणजे वेळ होता तो तेवढाच. वॉलेटमधून पैसे जाताना दिसले तर आधी नव्या वॉलेटमध्ये उरलेलं हलवा, मग रडा.

आता मदतीबद्दल. पोलीस चौकीतल्या माणसानं पैसे घेणाऱ्याचा बँक खाते क्रमांक विचारला. नाही म्हटल्यावर अर्जातला तो रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणाला. मी व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), चोराचा पत्ता, स्क्रीनशॉट छापून नेले होते. त्यानं ते फाइलला टाचले. पत्ता गोठवायची विनंती पोलिसांनीच करायची असते, हे मी त्याला हात जोडून सांगितलं. त्यासाठी वरिष्ठांचं पत्र लागेल, म्हणाला. काही आठवड्यांनी घरी पत्र आलं ते असं: आरोपी निष्पन्न होत नाही, तपास बंद. कुणी एकदा तरी तो पत्ता उघडून पाहिला का? माझ्या बँकेचं म्हणणं, पैसे आमच्याकडून गेलेच नाहीत. कार्ड कंपनी म्हणाली, आम्ही फक्त अ‍ॅप चालवतो, कार्ड दुसऱ्या देशातल्या संस्थेचं आहे. त्या संस्थेनं कळवलं, क्रिप्टोशी आमचा संबंध नाही. त्या देशाच्या नियामकानं लिहिलं, आम्ही वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. सगळ्यांची पत्रं सभ्य भाषेत, सगळ्यांचे हात वर. मग परवाने कशाला देता?

युरोंबद्दल तर कायदा स्पष्ट आहे. पीएसडी२ या युरोपीय संघाच्या पेमेंट कायद्याप्रमाणे आपण मंजूर न केलेल्या व्यवहारात ग्राहकावर भार फार तर ५० युरोंचा. म्हणजे ३६८ युरो ९० सेंट मला मिळायला हवेत. पण त्यात 'घोर निष्काळजीपणा' असला तर ही सूट नाही आणि संस्थेनं नेमका तोच शब्द माझ्या माथी मारलाय. मी हे मान्य केलेलं नाही, करणारही नाही. तडजोड मंडळाकडे अर्ज गेला आहे.

कार्डावर बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे ते आजच वाचा. तुमचा करार त्याच्याशी आहे, जाहिरातीतल्या कंपनीशी नाही. जानेवारी २०१८ मध्ये कार्डं काढणाऱ्या जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्टचं व्हिसा सदस्यत्व गेलं आणि युरोपभर कितीतरी क्रिप्टो कार्डं एका दिवसात मेली. जून २०२० मध्ये वायरकार्ड ही जर्मन पेमेंट कंपनी बुडाली तेव्हाही तेच झालं. एक लाख युरोंची ठेव हमी बँकेतल्या ठेवींना असते, या कार्डावरच्या पैशांना आणि कॉइनना नाही. अ‍ॅपवाल्याचं नाव एस्माच्या (युरोपीय संघाच्या बाजार नियामकाच्या) मिका यादीत आहे का पाहा. कार्डासाठी वेगळं वॉलेट ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त नको. दिलेल्या जुन्या परवानग्या इथरस्कॅनवर दिसतात, नको असलेल्या रद्द करा.

आणि एक. माझा नंबर त्या चोरांकडे आहेच, त्यामुळे आता "कॉइन परत मिळवून देतो" असे फोन सुरू झालेत. १५ टक्के कमिशन, त्याआधी ३५० यूएसडीटी भरा. फोनवरच्या बाईला माझी रक्कम आणि तारीख अचूक माहीत होती. त्यानं विश्वास बसायला लागतो, पण ते ब्लॉकचेनवर कुणीही वाचू शकतं. फसवणूक झाली की तुम्हालाही असे फोन येऊ शकतात. एक सेंटही पाठवू नका.