बाबांचा फोन लागत नव्हता आणि माझे ३८,६५० रुपये गेले

सासूबाईंच्या मोबाइलवर ‘ओटीपी कुणालाही सांगायचा नाही’ अशी चिठ्ठी चिकटवणारी बाई मी. म्हणूनच हे लिहायची लाज वाटते. पण ओटीपी मला कुणी मागितलाच नाही. पैसे मी माझ्या हाताने, पिन टाकून पाठवले. तेही तीनदा.

२२ जुलै २०२१, गुरुवार. वाशिष्ठीचं पाणी पहाटे चिपळुणात शिरलं. माझं माहेर पेठमापला. सकाळी बाबा एवढंच म्हणाले, “पाणी ओटीवर आलंय, आम्ही माळ्यावर चाललो,” आणि फोन गेला तो गेलाच. वीज नाही, टॉवर बंद. मी इकडे बडोद्यात टीव्हीसमोर, छपरांवर बसलेल्या माणसांत आई-बाबा दिसतात का बघत. ‘एवढी शिकलेली बाई फसते कशी’ म्हणणाऱ्यांनी दोन दिवस असा फोन लावून बघावा.

शुक्रवारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. बाजारपेठेत पाण्यात बुडालेल्या दुकानांचा फोटो, खाली क्यूआर कोड आणि यादी: पाण्याचा जार, ब्लँकेट, मेणबत्त्या, काडेपेट्या, बिस्किटं, ब्लीचिंग पावडर. एका घराचं किट १,१५० रुपये. मैत्रिणीने टाकला म्हणून विश्वास ठेवला. तिला तो नणंदेकडून आलेला, नणंदेला कुठून ते देव जाणे. मी पाच किटांचे ५,७५० पाठवले.

पैसे गेल्यावर लगेच पैसे घेणाऱ्याचा फोन. बोलणं अगदी आपल्याकडचं. “ताई, पेठमाप ना? आमची माणसं तिकडेच निघालीत. फक्त होडीवाला आणि टेम्पोचं डिझेल अडलंय.” आणखी १४,५००. मी विचारलं, टेम्पो आहे कुठे? म्हणाला, “काल रात्रीच वाशिष्ठीचा पूल ओलांडलाय, बहादूरशेख नाक्याला उभा आहे.”

इथे. अगदी इथे मला कळायला हवं होतं. समोर टीव्हीवर तोच पूल दाखवत होते, त्याच्या लगतचा रस्ता वाहून गेलेला, वाहतूक बंद. तो पूल मी जन्मापासून ओलांडतेय! डोळ्यांना दिसत होतं, कानांना ऐकू येत होतं, पण दोन्हीची गाठ डोक्यात पडली नाही. वर पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं ते भलतंच. विचारलं तर म्हणे टेम्पोमालकाचं खातं आहे. मीही म्हटलं, असेल. ते नाव वाचत जा हो, पिन टाकायच्या आधी. फुकट दिसतं.

तिसऱ्या खेपेला ऑफिसातल्यांकडून १८,४०० गोळा करून पाठवले. सगळ्यात जास्त सलतात ते हेच. ते मी नंतर पदरचे परत केले, नवऱ्याला न सांगता. आता हे वाचून कळेलच.

शनिवारी संध्याकाळी बाबांचा आवाज ऐकला. माळ्यावर रात्र काढली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या पोरांनी पोळी-भाजी आणि पाणी आणून दिलं. टेम्पो? कसला टेम्पो? तो नंबर तोवर बंद झाला होता.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “बेन, दान केलंत ना? मग फसवणूक कसली?” गुन्हा चिपळूणचा, तिकडे जा. चिपळूणच्या चौकीत त्या वेळी चिखल उपसत असतील, तिथे जाऊन मी माझे पैसे मागू? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. ‘अहो, पण समोरचं खातं तरी गोठवा!’ त्याला पोलिसांचं पत्र लागतं. पोलिसांना बँकेचं पत्र लागतं. चार खेटे, दोन अर्ज, एक झेरॉक्सचं दुकान. शेवटी बँकेचा मेसेज आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ कुणाचं समाधान झालं?

आता ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायला १९३० हा नंबर आहे. पैसे गेले की आधी तो फिरवा, रडणं नंतर. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवता येतात, मी तर तिसऱ्या दिवशी जागी झाले. आणि द्यायचंच असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीत द्या, नाहीतर गावातल्या अशा माणसाला द्या ज्याच्या घरी तुम्ही चहा प्यायला आहात. तो सापडेपर्यंत थांबा. पूर ओसरल्यावरही चिखल असतो, पैसे तेव्हाही लागतात.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या जावेने एक मेसेज पुढे पाठवला. फोटो वेगळा, नंबर वेगळा, यादी मात्र तीच: जार, ब्लँकेट, मेणबत्त्या, काडेपेट्या. ब्लीचिंग पावडरसुद्धा, डोंगरावर! फक्त किट १,४५० चं झालं होतं.