चार शाखा, एकच बंदर: कोकणात राहून पीएच.डी. करायची तर कशात?

निकाल लागले की दरवर्षी रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची मुलं भेटायला येतात आणि थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात, "सर, पीएच.डी. करायची आहे, पण नक्की कशात?" कोणाचं एमबीए झालेलं असतं, कोणाचं एम.टेक., कोणाचं एमसीए, तर कोणाचं राज्यशास्त्रात एम.ए. शाखा ठरलेली असूनही प्रश्न उरतोच, कारण हल्ली या शाखांच्या भिंती पातळ झाल्या आहेत. एमसीए झालेल्या मुलीला निवडणुकीच्या आकड्यांवर काम करायचं असतं आणि सिव्हिलच्या मुलाला पूरनियोजनाच्या कारभारावर. म्हणून व्यवस्थापन, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि राज्यशास्त्र अशा चारही वाटा इथे शेजारीशेजारी ठेवून पाहतो.

तुलनेची माझी मुख्य कसोटी एकच आहे: तुमच्या प्रश्नाचा पुरावा कुठे पडलेला आहे आणि तो तुमच्या हातात कोण देणार? पगार, प्रतिष्ठा, प्राध्यापकीच्या जागा यांचा विचार त्यानंतर.

हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी लिलाव लागतो तेव्हा तिथे जाऊन उभे राहा. व्यवस्थापनवाला विचारेल की या टोपलीचा भाव कसा ठरला. इंजिनिअर विचारेल की बर्फ वितळायच्या आत मासा मुंबईला कसा पोचवायचा. संगणकवाला विचारेल की फोटोवरून जात आणि वजन ओळखता येईल का. राज्यशास्त्रवाला विचारेल की पर्ससीनची (मोठ्या वेढ्याच्या जाळ्याची) नौका आणि लहान होडी यांच्या भांडणात नियम कोणाच्या बाजूने झाला, आणि का. मासळी तीच, पण चौघांना लागणारी कागदपत्रं, माणसं आणि वर्षं पूर्णपणे वेगळी आहेत.

व्यवस्थापन

या शाखेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. संशोधन म्हणजे गूगल फॉर्म पाठवायचा, शे-दीडशे उत्तरं जमवायची आणि टक्केवारीचे तक्ते काढायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसे प्रबंध होतात आणि कपाटात जातात. याउलट, बाजारपेठेवरचं जे काम जगभर वाचलं गेलं, त्यातलं एक आपल्याच अरबी समुद्राच्या काठी झालेलं आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळमध्ये 1996 ते 2001 या काळात तारलीची मासेमारी करणाऱ्या 300 नौकांची दर आठवड्याला माहिती घेतली. 1997 पासून तिथे टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकली जायची, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. फोन आल्यावर बंदराबंदरांतल्या भावांची तफावत घटली आणि नासाडी जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाचा भाव 4 टक्क्यांनी उतरला. हे 2007 साली प्रसिद्ध झालं.

पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळातल्या मच्छीमारांकडे जाऊन हेच पुन्हा तपासलं आणि 2013 मध्ये मांडलं की गोष्ट इतकी सरळ नाही. कोणाची उचल कोणाकडून घेतलेली आहे, यावरही मासळी कुठे विकली जाणार ते ठरतं. हातात फोन असला तरी ज्याचं कर्ज त्यालाच माल द्यावा लागतो. आपल्याकडे बंदरावर वाढलेल्या कुठल्याही मुलाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच मला वाटतं की व्यवस्थापनाच्या संशोधकाला कोकणात असण्याचा फायदा सर्वांत जास्त आहे.

दुसरं उदाहरण आंब्याचं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे बागायतदाराच्या हातात खरंच जास्त पैसे पडले का? याचं उत्तर सरकारी संकेतस्थळावर नाही. वाशीच्या आडत्याकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, बागायतदारांनी कपाटात, पिशव्यांत, देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेल्या असतात, आणि उत्तर त्यांच्यात आहे. मानांकनाच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं अशा पट्ट्या चाळीस-पन्नास घरांतून मिळाल्या, तर तो प्रबंध भक्कम होईल. बाहेरच्या माणसाला त्या कोणी दाखवणार नाही. देवगडात आत्या राहत असेल, तर तुम्हाला दाखवतील.

संगणकशास्त्र

सर्वाधिक ओढा इथेच आहे आणि सर्वाधिक सावध राहायलाही मी इथेच सांगतो. वरवर पाहता ही वाट कोकणाला सोयीची आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की देवरुखातूनही काम होतं, आणि 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुमारे 10,372 कोटींच्या इंडिया एआय मिशनमधून संशोधकांना सवलतीत संगणनशक्ती देण्याची सोयही झाली आहे. पण जे देवरुखातून होतं ते बीजिंगमधूनही होतं, आणि तिथे शंभर माणसं तेच करत असतात. वर्षभर राबून केलेला प्रयोग पुढच्या परिषदेपर्यंत जुना होतो.

माझ्याकडे येणाऱ्या विषयांत "आंब्याच्या पानावरून रोग ओळखणे" हा हमखास असतो. त्यासाठी 2016 चा एक निकाल लक्षात ठेवा. प्लँटव्हिलेज नावाच्या संचातले पानांचे 54,306 फोटो वापरून शिकवलेल्या प्रणालीने त्याच संचातल्या, तिला आधी न दाखवलेल्या फोटोंवर 99.35 टक्के अचूकता दाखवली. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इतर ठिकाणांहून मिळवलेले फोटो दिल्यावर ती 31 टक्क्यांच्या आसपास आली. हे त्या संशोधकांनी स्वतःच पेपरात लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. संचातले फोटो एकाच रंगाच्या पार्श्वभूमीवर, सुटं पान ठेवून काढलेले होते. बागेत पान फांदीवर असतं, त्यावर धूळ असते, अर्ध्यावर ऊन असतं. शिवाय त्या संचातल्या 14 पिकांत आंबा नाहीच.

म्हणजे पोकळी आहे, पण ती प्रणाली बनवण्यात नसून फोटो जमवण्यात आहे. जो कोणी तीन मोसम देवगड-राजापूरच्या बागांत फिरून मोहोरावरचे फुलकिडे, तुडतुडे, करपा यांचे फोटो काढेल आणि प्रत्येक फोटोची खात्री दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा तशाच तोडीच्या जाणकारांकडून करून घेईल, त्याचं काम दहा वर्षं वापरलं जाईल. भाषेचंही तसंच. प्रमाण मराठीसाठी साधनं बऱ्यापैकी तयार झाली आहेत. 2023 मध्ये आलेली इंडिकट्रान्स-2 ही भाषांतर प्रणाली आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषा हाताळते, त्यात मराठी आणि कोकणीही आहे. मालवणी, संगमेश्वरी, आगरी बोलणाऱ्या आजीचं म्हणणं यंत्राने नीट उतरवून घ्यावं, यासाठी मात्र आधी त्या आजीसमोर बसून ध्वनिमुद्रण करावं लागेल. ज्याला बसून कोड लिहायचाच आनंद आहे, त्याने मोठ्या शहरातल्या मोठ्या गटात जावं. ज्याला उठून गावात जायचं आहे, त्याने इथे राहून संगणकशास्त्र करावं.

अभियांत्रिकी

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड येऊन रेल्वे घसरली आणि 50 हून अधिक माणसं गेली. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात होतं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला. जांभ्याचा उतार पाणी प्यायल्यावर कधी आणि कसा सुटतो, हा आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. त्यामुळे या शाखेत विषयांची कमतरता मुळीच नाही.

अडचण पावसाची आणि उपकरणांची. पाऊस वर्षातून एकदाच येतो. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं धरली, तर तुमच्या वाट्याला तीनच पावसाळे येतात. खरेदीची फाइल अडकली आणि पाण्याचा दाब मोजणारं उपकरण ऑगस्टअखेर आलं, तर एक वर्ष सरळ बुडालं. एका विद्यार्थ्याचं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे आणि त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून अभियांत्रिकी निवडताना प्रयोगशाळा बघा. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ असो वा मुंबईतली मोठी संस्था, जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा की यंत्र चालू आहे का आणि शेवटचा नमुना कधी तपासला. ते चालू असेल, तर निश्चिंत मनाने पुढे जा.

राज्यशास्त्र

एनरॉनचा 1993 चा वीजखरेदी करार, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि मग बारसूची रिफायनरी. तीन दशकांत इतके मोठे प्रकल्प आणि त्यांना झालेला विरोध एवढ्या चिंचोळ्या पट्टीत पाहायला मिळतात, हे संशोधकाच्या दृष्टीने दुर्मीळ आहे. कागदही मिळतात: ग्रामसभांचे ठराव, जनसुनावणीची इतिवृत्तं, 2005 च्या माहिती अधिकाराखाली मिळणारी पत्रं, आणि मतदान केंद्रनिहाय निकाल देणारा निवडणूक आयोगाचा फॉर्म 20. यातला फॉर्म 20 बहुतेक जण उघडूनही पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. प्रकल्पाच्या आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकीत एखाद्या गावाने कसं मत दिलं, हे त्यातून समजतं.

आणखी एक विषय सुचवतो. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी 2004 मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानच्या पंचायतींवरून दाखवलं की महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी स्त्रियांच्या गरजेच्या कामांवर, उदाहरणार्थ पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च होतो. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. 2011 च्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,100 हून अधिक स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. जिथे आरक्षणाच्या आधीपासून घर, शेत आणि वाडी बायकाच सांभाळत होत्या, तिथे सरपंच बाई झाल्याने काय बदललं? बंगालचं उत्तर इथे लागू पडेलच असं नाही, आणि म्हणूनच हे काम करण्यासारखं आहे.

धोका एकच, पण मोठा. तुम्ही इथलेच असाल तर तुमचं आडनाव, वाडी आणि चुलत्याचा पक्ष सगळ्यांना माहीत असतो. काही दारं त्यामुळे उघडतात आणि काही कायमची बंद होतात. ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांची नावं सांभाळणं ही जन्मभराची जबाबदारी आहे. ती पेलण्याची तयारी नसेल, तर आपल्या गावाऐवजी दोन तालुके सोडून विषय घ्या.

वेळ आणि पैसा

याबाबत चारही वाटा बऱ्याचशा सारख्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. अभियांत्रिकीला प्रामुख्याने गेट परीक्षेचा मार्ग. फरक पडतो तो प्रकाशनात. संगणकशास्त्रात परिषदेचा निकाल काही महिन्यांत येतो. राज्यशास्त्रात एका लेखाला दीड-दोन वर्षं लागली तरी नवल नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा फरक गंभीरपणे मोजा.

मार्गदर्शकाबद्दल एकच सांगतो. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. नाव मोठं असलं तरी आठवा होण्याआधी, त्यांच्याकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की सरांनी किंवा मॅडमनी तुमचं शेवटचं प्रकरण किती दिवसांत वाचलं.

अजूनही ठरत नसेल, तर नोंदणी करण्याआधी एक वर्ष कोकणच्या पंचांगाप्रमाणे फिरा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, तांडेल जाळी विणत बसलेला असतो आणि त्याच्याकडे बोलायला वेळ असतो. याच दिवसांत वाशिष्ठीचं पाणी आणि डोंगराचे उतार पाहून घ्या. गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी येतात. स्थलांतर, मतदान, घरचा पैसा यांवर एकाच ओसरीवर तीन पिढ्या भेटतात. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो तेव्हा फोटो काढा आणि मेअखेर पेट्या संपल्या की पट्ट्या मागा. या चारांपैकी ज्या ठिकाणाहून संध्याकाळी घरी परतावंसं वाटणार नाही, त्या शाखेचा अर्ज भरा.