निसर्ग-नोंदवही आणि शाळेमागचा ओढा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातवीच्या बत्तीस मुलांसोबत आठ महिने निसर्ग-नोंदवही वापरली. आठवड्यातून एकदा जोडतास, शाळेमागच्या ओढ्याकाठी. सामान थोडकं: रेघा नसलेली जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मोजपट्टी, थर्मामीटर, पांढरा ट्रे, गढूळपणा बघायची पारदर्शक नळी आणि पीएचच्या (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते रंगाने दाखवणाऱ्या) पट्ट्या. पेन पहिल्याच पावसात बाद झालं, शाई पानभर ओघळली.

पहिला महिना मी स्वतःच वाया घालवला. वह्या घरी नेऊन लाल पेनाने तपासल्या, चित्रांना गुण दिले. परिणाम असा की सगळ्यांची झाडं एकसारखी दिसू लागली, पाठ्यपुस्तकातल्यासारखी. समोरचं झाड कोणी बघतच नव्हतं. मग गुण बंद केले. आता समासात पेन्सिलीने एखादा प्रश्न तेवढा लिहितो.

पानाचा साचा मात्र पक्का ठेवला. आधी तारीख, वेळ, हवामान, जागा. मग काय दिसलं, काय प्रश्न पडला आणि हे कशासारखं वाटलं. यातला तिसरा प्रश्न मला सुरुवातीला पोरकट वाटायचा. पण एकाने गळून पडलेल्या पानाच्या शिरा काढल्या आणि बाजूला लिहिलं, ‘ओढ्याला येऊन मिळणाऱ्या ओघळींसारखं.’ पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं तो भाग, शिकवायला मी दोन तास राखून ठेवले होते, त्यातला एक तिथेच वाचला.

उरलेल्या तासात कागद चुरगाळून अर्धवट उलगडला, उंच घड्यांवर विरघळणाऱ्या शाईच्या रेघा मारल्या आणि वरून पाण्याचा फवारा मारला. शाई घडीच्या दोन बाजूंनी दोन वेगळ्या खोलगट भागांत उतरली. दोन पाणलोट वेगळे करणाऱ्या या उंच रेषेची, म्हणजे जलविभाजक रेषेची, व्याख्या मी सांगितलीच नाही, मुलांनी ती आपल्या शब्दांत वहीत लिहिली.

आकड्यांची गोडी पावसाने लावली. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. आमचं छप्पर साधारण 300 चौरस मीटरचं. 20 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर 6,000 लिटर पडलं. यावर कोणाचा विश्वास बसेना. मोजमाप पुन्हा केलं, गुणाकार तीनदा केला, आणि मग प्रश्न आला: एवढं पाणी जातं कुठे?

सामानाबद्दल स्पष्ट सांगतो. पीएचच्या पट्ट्या पुन्हा घेणार नाही. दोन रंगछटांच्या मधला रंग आला की वर्गात मतदान व्हायचं आणि दर आठवड्याला उत्तर सातच्या आसपास. थर्मामीटर त्याहून कामाचा. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. सावलीतला डोह आणि उन्हातलं पाणी यांची तुलना मुलं त्यामुळे आपणहून करू लागली. पांढरा ट्रे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भारी. तीन शेपट्यांची मेफ्लायची (पाण्यात वाढणारा एक कीटक) पिल्लं ओढ्यावरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, वरच्या बाजूला सापडली, खालच्या बाजूला बहुतेक लाल अळ्याच. मेफ्लायला प्रदूषण सोसत नाही, लाल अळ्या कमी प्राणवायूतही तग धरतात. तरी ‘खाली पाणी घाण आहे’ असं मी लिहू दिलं नाही. वर दगडगोटे आहेत, खाली चिखल, आणि त्यानेही किडे बदलतात.

अडचणी आहेत. जोडतासातली वीस मिनिटं बूट आणि हजेरीतच जातात. जोरदार पावसानंतर ओढ्याकाठी जायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही, त्यामुळे सर्वांत बोलके दिवस नेमके हुकले. दोन मोठी माणसं सोबत नसतील तर बेत रद्द. आणि चार-पाच मुलांना ही वही शेवटपर्यंत ओझंच वाटली.

सहाव्या महिन्यात नळीतलं पाणी अचानक गढूळ झालं. मुलांनी वरच्या शेतांवर बोट ठेवलं. दोघीजणी मात्र वह्या घेऊन ओघळीच्या कडेकडेने वर चढत गेल्या, प्रत्येक वळणावर माती कुठे साचली ते काढत. नकाशा आमच्याच मैदानाच्या कोपऱ्यात येऊन थांबला. तिथे मागच्या सुट्टीत गवत खरवडून सायकली लावायला जागा केली होती.

ते पान आता मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. पुढच्या सत्रासाठी वह्या आणि दोन जास्तीचे ट्रे मागवलेत.