हात, पॉट, वेव्ह की रिफ्लो? टाकीच्या कंट्रोलरचा बोर्ड कसा सोल्डर करावा

समजा, तुम्ही सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर बनवता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पहिले वीस नग घरच्या टेबलावर केलेत, ते चालले आणि आता दोनशेची ऑर्डर आली. बोर्डावर रिले, टर्मिनल ब्लॉक, ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पाय भोकातून खाली काढायचे थ्रू-होल भाग. शेजारीच बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे, तांदळाच्या दाण्याहून लहान एसएमडी रेझिस्टर आणि एक मायक्रोकंट्रोलर. खरी अडचण हीच की बोर्ड मिश्र आहे.

आधी हातकामाचा हिशेब. बोर्डावर ६० जॉइंट, म्हणजे सोल्डर (वितळवून भाग जोडणारा मिश्रधातू) लावायच्या जागा, धरल्या तर दोनशे नगांचे १२,०००. सराईत हाताला थ्रू-होल जॉइंटला चार सेकंद लागतात असं मानलं, तरी नुसतं टेकवण्याचेच तेरा तास झाले. वेळ जमेल, पण संध्याकाळी सहाचा जॉइंट सकाळी दहाच्या जॉइंटसारखा नसतो. मात्र डिझाइन अजून बदलत असेल तर हाताला तोड नाही. छताच्या पंख्यावर विसंबू नका, तो फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरतात त्या रसायनाचा) धूर शेजारच्या टेबलावर ढकलतो. एक्झॉस्टच लावा.

डिप पॉट म्हणजे वितळलेल्या सोल्डरचं भांडं. बोर्डाची खालची बाजू तिरकी टेकवायची, तिरकीच उचलायची. स्वस्त आणि झटपट, पण दर बुडवणीआधी वरची काळपट साय काढावीच लागते आणि जवळजवळच्या पायांत ब्रिज होतात, म्हणजे सोल्डर ते पाय एकमेकांना जोडून टाकतं. खालच्या बाजूला एसएमडी नसेल तरच याच्या वाटेला जा.

वेव्हमध्ये हेच काम कन्व्हेयरवर, वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून होतं. खालचे एसएमडी आधी गोंदाने चिकटवावे लागतात आणि उंच भागाच्या आडोशाला लाट पोहोचत नाही. शिवाय ते मोठं भांडं तासन्‌तास २५० अंशांच्या आसपास तापत ठेवायचं. रोज माल निघत असेल तरच परवडतं, दोनशे नगांसाठी नाही.

रिफ्लोवर जरा थांबू, कारण बहुतेकांची फसगत इथे होते. स्टेन्सिलमधून (पॅडच्या, म्हणजे भाग चिकटायच्या जागी भोकं असलेल्या पत्र्यातून) सोल्डरची पेस्ट ओढायची, भाग ठेवायचे, बोर्ड ओव्हनमधून काढायचा. बारीक पायांच्या चिपसाठी दुसरं काहीच इतकं नेटकं नाही. पण साधे प्लास्टिकचे टर्मिनल ब्लॉक त्या उष्णतेत वाकडे होतात, आणि पॅडची जागा हलली की नवी स्टेन्सिल आली. त्यात आपला पाऊस. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात आणि बाहेर काढली की झाकण न उघडता काही तास निवांत राहू द्यावी लागते. एका जुलैत मी घाईने लगेच झाकण उघडलं. गार पेस्टवर हवेतली वाफ जमली आणि ओव्हनमधून बोर्ड आले ते सोल्डरच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घेऊन. उघड्या पाकिटातली चिपही ओल शोषते, मग ओव्हनमध्ये आतली वाफ तिला तडा पाडते. ट्रेमधल्या चिपा आधी १२५ अंशांवर बेक करतात. चिपांची प्लास्टिकची रील मात्र त्या तापमानात टाकू नका.

सिलेक्टिव्ह सोल्डरिंगमध्ये बारीक नळीतून फक्त हव्या त्या पायांना सोल्डर मिळतं. मिश्र बोर्डाला आदर्श, पण मशीन महाग. हजारांच्या ऑर्डरी येतील तेव्हा बघू.

कोणतंही सोल्डर घेण्याआधी माल कुठे जाणार ते ठरवा. शिशाचं ६३/३७ (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि दुरुस्तीला सोपं. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाच्या, एसएसी ३०५ ला २१७ ते २२० अंश लागतात. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणले. आपल्या ई-कचरा नियमांतही यादीतल्या उपकरणांना शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे. तुमची वस्तू त्या यादीत येते का, ते आधी पाहा.

दोनशे नगांना माझं मत असं: एसएमडी बाजू जॉबवर्कवर रिफ्लोला द्या, रिले-ट्रान्सफॉर्मर तुमच्याच गाळ्यात हाताने बसवा. ऑर्डर पाचशेवर गेली की पॉट घ्या. आणि जॉबवर्कवाल्याकडे गेलात की ओव्हनआधी फ्रिज उघडून बघा. पेस्टशेजारी दुधाची पिशवी दिसली तर चहा न घेताच निघा.